शेवटची आठ पानं

शाळेतून निवृत्त झाल्यावर नरहरी मास्तर तारापुरात आपली पानवेलींची वाडी बघत होते. सदुसष्ट सालच्या जानेवारीत त्यांना सरकारी पत्र आलं. उत्कृष्ट बालवाङ्मयाच्या पुरस्कारासाठी त्यांना परीक्षक नेमलं होतं. मागोमाग बोईसर स्टेशनात सतरा पुस्तकांचं पार्सल येऊन पडलं.

मास्तरांनी सगळी पुस्तकं वाचली आणि ते पेचात पडले. बायकोला म्हणाले, "साठी उलटलेल्या माणसाला आवडलं ते पोरांना आवडेल कशावरून?"

"मग पोरांनाच विचारा की," सोजराबाई म्हणाल्या. "दांडीच्या कोळीवाड्यात पोरं काय कमी आहेत?"

दुसऱ्या दिवसापासून मास्तर पिशवीत पुस्तकं घालून दांडीच्या किनाऱ्यावर जाऊ लागले. तिथं बांबूंवर बोंबील वाळत असायचे आणि पोरं कावळे हाकत बसलेली असायची. सोनेरी अक्षरांचं राजपुत्राचं पुस्तक मास्तरांनी मोठ्या अपेक्षेनं काढलं. तिसऱ्या पानाला समोर दोनच पोरं उरली, त्यातलं एक पेंगत होतं.

मग निघालं 'तरीवरची चंदा'. पातळ कागद, फिकट शाई, लेखिकेचं नाव कुणी न ऐकलेलं. आजारी बापाच्या औषधासाठी एकटीच तर, म्हणजे नदी ओलांडायची होडी, घेऊन पलीकडे निघालेल्या मुलीची गोष्ट. पोरं जवळ सरकली. नदीच्या मध्यावर चंदाच्या हातून वल्हं निसटलं. मास्तरांनी पान उलटलं, तर पुढे नुसता पुठ्ठा! बांधणीत शेवटची आठ पानं राहूनच गेली होती.

"पुढं काय झाला?" नऊ वर्षांच्या जमुनानं विचारलं.

"पानंच नाहीत गं."

"असा कसा? तिला पाण्यात ठेवून तुमी घरी जाल?"

मास्तरांनी त्याच दिवशी दुसरी प्रत मागवणारं पत्र टाकलं. प्रत यायला दहा दिवस लागले. तोवर पोरांनी चंदाला नाना तऱ्हांनी वाचवलं. चिंतू म्हणाला, ती पोहून गेली. जमुना म्हणाली, "छट्! होडी कोण सोडल? बसायची फळी उपटून वल्हवल ती."

प्रत आली. चंदानं खरंच फळी उपटली होती.

"मी सांगितला नव्हता?" जमुनानं चिंतूच्या पाठीत धपाटा घातला. मास्तरांना तो शेवट तिथल्या तिथे दोनदा वाचावा लागला.

अहवालात त्यांनी लिहिलं, 'माझ्या प्रतीत या पुस्तकाची आठ पानं नव्हती. मुलांनी त्यांची दहा दिवस वाट पाहिली. यापरता मोठा गुण मला ठाऊक नाही.'

एप्रिलात निकाल लागला. 'तरीवरची चंदा'ला पहिला पुरस्कार मिळाला. मास्तर ऊन उतरायच्या आतच दांडीला पोचले.

"गोष्ट लिहिणाऱ्या बाईंना सरकारनं बक्षीस दिलं," त्यांनी सांगितलं.

जमुनानं क्षणभर विचार केला. "मग आता त्या आणखीन गोष्टी लिवतील?"

"लिहितील."

"तोवर तुमी रोज या."

मास्तर हसले आणि तिथंच वाळूत बसकण मारून त्यांनी पिशवीत हात घातला.