पोचण्याआधी पोचलेलं दूध

“पोचलं म्हणायच्या आधी पोचवून ये गं बाई,” असं सासूबाई डेअरीत कामाला असलेल्या सुनेला बजावायच्या. त्या गेल्या, डेअरीत नवी यंत्रणा आली, आणि आता दूध निघायच्या आधीच पोचू लागलं.

त्या सकाळी गाडीवाल्यानं डेअरीच्या फाटकातच मोबाइलवर ‘पोचलं’चं बटण दाबून टाकलं. मग गाडीच बंद पडली. अनाथाश्रमाचे दोन कॅन तिथंच उतरवून तो मेकॅनिक शोधायला गेला. थोड्या वेळानं आश्रमाच्या स्वयंपाकीणबाईंचा फोन आला.

“लेकरं रिकामे पेले धरून बसलीत. दूध कुठंय?”

डेअरीच्या साहेबांनी संगणकाच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका पाहिला. “मावशी, दूध पोचलंय. तुमच्याकडेच नीट बघा.”

“कुठं बघू? मांजराच्या मिशीला?”

सून हळूच म्हणाली, “साहेब, कॅन फाटकात आहेत. दुसरी गाडी द्या.”

“पोचलेल्या मालाला गाडी कशी देणार? यंत्रणा घेत नाही.”

“मग लेकरांना तो हिरवा ठिपकाच पाजायचा का?”

साहेबांचं लक्ष नव्हतं. दूध वेळेआधी पोचवल्याबद्दल मुख्य कार्यालयाची शाबासकी पडद्यावर आली होती आणि ते ती मोठ्यानं वाचत होते. आंधळ्यानं आरशाची तारीफ करावी, तसा सगळा थाट.

सुनेनं टेबलावर चालूच राहिलेला फोन उचलला. “मावशी, पेले आत नेऊ नका. मी आणते दूध.”

मग कुणाला न विचारता तिनं दोन्ही कॅन हातगाडीवर चढवले, झाकणं घट्ट केली आणि आश्रमाचा रस्ता धरला.