यादीत नसलेलं नाव

मित्रांनो, कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या गेटावर कामगारांच्या सभा होतात. तिथं हातात धरून बोलायचा, सेलवर चालणारा जुना भोंगा म्हणजे मी. माझ्या आत एक मेलेला माणूस बोलतो. घाबरू नका, आधी ऐका.

युनियनचे पुढारी हंबीरराव यांनी मला आणलं तेव्हा मी लालभडक होतो. आठ तासांची पाळी, हातमोजे, जाड बूट, सगळं कायम नोकरीतल्या कामगारांनी माझ्यातूनच ओरडून मिळवलं. त्याचा मला भारी गर्व होता. दरवर्षी एक मे रोजी, कामगार दिनाला, हंबीरराव भट्टीवर काम करताना मेलेल्यांची नावं एकेक करून पुकारत आणि प्रत्येक नावाला जमाव ‘हजर!’ म्हणे. गेलेला सोबती अजून आपल्यातच आहे, असा त्याचा अर्थ.

कोडोलीचा आकाराम ठेकेदाराच्या हाताखाली होता. काम तेच, भट्टी तीच, पण पायात रबरी चप्पल. एका सभेत त्यानं मला हातात घेतलं आणि म्हणाला, “आमास्नी बी बुटं द्या की!”

“आदी कायमवाल्यांच्या पगाराचं मिटू दे, मग तुमचं बघू,” म्हणत हंबीररावांनी मला ओढून घेतलं. महिन्याभरात वितळलेलं लोखंड आकारामच्या पायांवर सांडलं. चार दिवसांनी तो गेला.

तेव्हापासून बटण दाबलं की खरखरीतून त्याचं तेच वाक्य येतं. हंबीररावांनी सेल बदलले, मला थपडा मारल्या. त्यांनाही ते ऐकू येत असावं, कारण त्यांचा चेहरा उतरायचा. शेवटी त्यांनी मला कपाटावर टाकलं. वर्षभर धूळ खात मी ते वाक्य ऐकत राहिलो. खरं सांगतो, मला माझीच भीती वाटायची.

यंदा एक मे रोजी नवा माईक ऐनवेळी बंद पडला, म्हणून मला खाली काढलं. सात नावं झाली, सातदा ‘हजर’ झालं. हंबीरराव मला खाली ठेवणार, तोच आकारामची बायको बयाबाई पुढं आली.

“आनि आमच्या ह्यांचं नाव?”

“वहिनी, त्यो ठेकेदाराचा मानूस. आपल्या यादीत न्हाय.”

“भाजताना कुठल्या यादीत हुता?”

बयाबाईनं मला हंबीररावांच्या हातून हिसकावलं आणि बटण दाबलं. खरखरीतून आकारामचा आवाज आला. तिनं तो ओळखला. तिनं मला आणखी घट्ट धरलं.

“आकाराम!” तिनं हाक दिली.

रस्त्यापलीकडं घोळक्यानं उभे असलेले ठेकेदाराचे कामगार ओरडले, “हजर!”

“हजर म्हनू नका!” ती किंचाळली. “त्यो न्हाय. मेलाय त्यो. बुटं मिळाल्याबिगर उद्या भट्टीम्होरं जाऊ नका!”

दुसऱ्या दिवशी भट्टीपुढं कुणीच गेलं नाही, कायमवालेसुद्धा. हंबीरराव माझ्यातून सगळ्यांसमोर बोलले, “आमचं चुकलं.” आठवड्यात ठेकेदाराच्या माणसांनाही बूट आले.

ते वाक्य मात्र अजून येतं. मित्रांनो, मला पुसलं नाही, रंगवलं नाही तरी चालेल. यादीत आता आठ नावं आहेत. नववं माझ्या तोंडी देऊ नका.