उजवा गाल

शेवगावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत रामहरीचा फोटो स्टुडिओ आहे. काउंटरमागच्या भिंतीवर त्यानं काढलेली कुटुंबं ओळीनं लावली आहेत. कुठं म्हातारा-म्हातारी खुर्चीत आणि मागं तीन सुना, कुठं जावळ काढलेलं पोर आत्याच्या मांडीवर. त्यात त्याचं स्वतःचं कुटुंब मात्र नाही. कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, "आपला फोटो काढायला आपल्यालाच सवड न्हाई."

सवडीचा प्रश्न नव्हता. त्याच्या बायकोला, कलाबाईला, कोड होतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा फिल्मचे दिवस होते. फॉर्मला लावायचे काळे-पांढरे फोटो घरीच धुतले जायचे. स्टुडिओच्या मागं बिनखिडकीची डार्करूम होती. रामहरी लग्नांच्या मांडवात फिरायचा आणि कलाबाई लाल बल्बच्या उजेडात केमिकलच्या ट्रेमधले कागद हलवत उभी असायची. कोऱ्या कागदावर आधी केस यायचे, मग डोळे, मग अख्खा माणूस. तिला त्याचं भारी कौतुक. कागद उचलायला चिमटा होता, पण ती बोटांनीच उचलायची. चिमट्यानं कोपरा दुमडतो म्हणायची.

त्यांची मुलगी मोनिका तीन वर्षांची असताना कलाबाईच्या बोटांवर पहिले पांढरे डाग उठले. मग मनगटावर, मग कानाखाली. दोनेक वर्षांत तिचा उजवा गाल हनुवटीपासून डोळ्याच्या कडेपर्यंत पांढरा झाला. नगरच्या डॉक्टरांनी विचारलं, "हाताला केमिकल लागतं का?"

"लागतं," रामहरी म्हणाला.

"त्यानंही असेल. नसेलही. नक्की सांगता येत नाही."

त्या दिवसापासून त्यानं तिला डार्करूममध्ये पाऊल टाकू दिलं नाही. पुढं डिजिटल आलं आणि त्या खोलीत रद्दी जमली. डॉक्टरांचं ते 'त्यानंही असेल' मात्र त्याच्या पोटात तसंच राहिलं. तो बायकोशी त्यावर कधी बोलला नाही. कलाबाई कुठल्याच फोटोत उभी राहिनाशी झाली. लग्नकार्यात सगळे गोळा झाले की म्हणायची, "तुमी घ्या काढून, मी दूध बघून येते."

मोनिका डी.फार्म झाली. गेल्या दिवाळीनंतर कलाबाईचा धाकटा भाऊ, भाऊसाहेब, तिच्यासाठी बेलापूरचं स्थळ घेऊन आला. मुलाचं नाव हर्षल. शिर्डीत एका हॉटेलात मॅनेजर, घरी बागायती जमीन, आईवडील आणि आजी. मोनिकाचा फोटो त्यांना पसंत पडला होता. हर्षल तिच्याशी दोनदा फोनवर बोललाही होता.

"दाजी, आता त्यांना घरच्या सगळ्यांचा एक फोटो पाहिजे," भाऊसाहेब म्हणाला. "म्हातारी म्हणती, पोरगी बघितली, आता घर बघू."

कलाबाई चहाचे कप ठेवून आत गेली. भाऊसाहेबानं आवाज खाली घेतला. "आक्काचं तेवढं कॉम्प्युटरवर सारखं करून घ्या. पोरीचं एकदा ठरू द्या."

रामहरीचं डोकं तडकलं. "मी बायकोच्या तोंडाला रंग फासायचा न्हाई. गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा तीळसुदा पुसला न्हाई मी आजवर."

"मग कसं करता?"

रामहरीनं खिडकीकडं पाहिलं. "उजेडाचं बघतो," तो म्हणाला.

रंग लावणं म्हणजे खोटेपणा, हे त्याला मान्य होतं. सावली मात्र खोटी नसते, असं त्यानं मनाशी धरलं. जिथं उजेड पडला नाही तिथं दिसलं नाही, त्यात फसवणूक कसली?

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्यानं बाहेरच्या खोलीचं दार लावून घेतलं. एकच खिडकी उघडी ठेवली. कलाबाईची खुर्ची अशी ठेवली की खिडकी तिच्या डाव्या हाताला यावी. एरवी तो सावलीच्या बाजूला थर्माकोलचं पांढरं शीट उभं करायचा, म्हणजे उजेड त्यावर आपटून परत फिरायचा आणि अंधारातला गालही मऊ दिसायचा. आज त्या जागी त्यानं काळं कापड टांगलं. मोनिकाला खिडकीच्या बाजूनं उभं केलं, आपली जागा अंधाराकडं ठेवली.

कलाबाई खुर्चीत बसली. कापड बघून तिला सगळं समजलं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती डार्करूममध्ये उभी राहिली होती. उजेडाचा हिशेब तिला नवऱ्यापेक्षा कमी कळत नव्हता.

"अंधार पुरंल का?" तिनं विचारलं.

रामहरीनं कॅमेऱ्यातून पाहिलं. "पुरंल."

तिनं आपणहून पदर कानावर ओढला, मान जराशी वळवली. "आता?"

"आता बरोबर. हलू नको."

त्यानं टायमर लावला आणि पळत जाऊन मागं उभा राहिला.

फोटो सुरेख आला. तीन माणसं अंधारातून वर आल्यासारखी दिसत होती. मोनिकाचं कपाळ, कलाबाईची नथ आणि मांडीवरचा डावा हात, रामहरीच्या चष्म्याची एक कड. एवढ्यावरच उजेड होता.

"मम्मी, कसली भारी दिसतेस!" मोनिका म्हणाली. मग तिनं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि लगेच पुन्हा लहान केला. संध्याकाळी तिनं तो फोटो मोबाईलवर डीपी म्हणून लावला.

बेलापूरहून निरोप आला, पोरगी आईच्या वळणाची हाय, आम्ही मंगळवारी येतो.

सोमवारी कलाबाई नवऱ्याला म्हणाली, "मी उद्या भावाकडं जाऊन बसते. सांगा काईबी."

"आईशिवाय पोरगी कशी दाखवायची? तू आत स्वयंपाकघरात बस. मी बाहेरचं बघतो."

मंगळवारी तीन वाजता पाहुणे आले. रामहरीनं बाहेरच्या खोलीचे पडदे ओढून ठेवले होते. ऊन फार येतं, असं त्यानं सांगितलं. पोहे झाले, चहा झाला. हर्षल मोनिकाशी औषधांच्या दुकानाबद्दल बोलला, ती हसली. सगळं नीट चाललं होतं. मधेच लाईट गेली. रामहरीला बरंच वाटलं.

निघायच्या वेळी हर्षलची आजी छबूबाई उठली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. "विहीणबाई कुठं हायेत? कुंकू न लावता कसं जायचं?"

कलाबाई कोपऱ्यात उभी होती. तिनं पदर पुढं ओढला, करंडा घेतला आणि खाली मान घालून म्हातारीला हळदीकुंकू लावलं.

"आता तुलाबी लावते," छबूबाई म्हणाली. "पुढं ये बाई, उजेडात ये. मला दिसंना झालंय."

"असू द्या. हितंच लावा."

"हितं कुंकू कपाळाला लावू का डोळ्यात?" म्हातारी हसली. तिनं कलाबाईची हनुवटी धरली आणि तिला हळूच मागच्या दाराकडं ओढलं. दारातून कलत्या दुपारचं ऊन थेट आत आलं होतं. त्यात तिनं तो चेहरा वर केला.

कुंकवाचं बोट तसंच राहिलं. बाहेरच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या मोनिकानं ते पाहिलं.

मग छबूबाईनं कुंकू लावलं, नीट, कपाळाच्या मधोमध. "कवापासनं हाय?"

"वीस वरसं झाली."

"फोटूत दिसलं न्हाई."

कलाबाईनं करंडा मिटला. म्हातारीनं तिच्या हातावर हात ठेवला, त्या पांढऱ्या बोटांवरच ठेवला, आणि बाहेर येऊन म्हणाली, "चला. उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊसाहेबाचा फोन आला. "पत्रिका जुळत न्हाई म्हनत्यात."

"खरं सांग," रामहरी म्हणाला.

भाऊसाहेब घुटमळला. "म्हातारी म्हनली, कोडाचं आमी घरात बसून बोललो असतो. पन अंधारात बसवून फोटो काढला. उद्या आनखी काय निघंल कुनाला ठावं. आता हे मनापासनं का नुसतं म्हनायचं म्हनून, ते मला न्हाई सांगता यायचं दाजी. उघडं सांगितलं असतं तर कदाचित आलेच नसते."

रामहरी त्या दिवशी दुकान अर्ध्यावर बंद करून घरी आला. मोनिका भिंतीकडं तोंड करून पडली होती. त्यानं तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"मला दिसलं होतं पप्पा," ती म्हणाली. "फोटो मोठा करून बघितला तेव्हाच दिसलं. मम्मीचा अर्धा चेहराच नव्हता त्यात. मी बोलायला पाहिजे होतं. मला तो आवडला होता, म्हणून गप्प बसले." आणि ती रडायला लागली.

आतून कलाबाईचा आवाज आला. "कुनी कुनाला बोलू नका. बसलेली तर मीच व्हते की तिथं."

ती शेंगा फोडत बसली होती. रामहरी तिच्यासमोर जाऊन खाली बसला. त्यानंही चार शेंगा हातात घेतल्या, फोडल्या मात्र नाहीत.

"तुला त्या ट्रेत हात घालू द्यायला नको हुता मी," तो म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला.

तिचे हात थांबले नाहीत. "मला आवडायचं ते. या घरात आल्यापासनं तेवढंच एक काम मला आवडलं हुतं, आन तेबी तुमी बंद केलं."

"तुझ्यासाठीच केलं ना."

"व्हय. सगळं माझ्यासाठीच केलं."

त्यानं हातातल्या शेंगा परत सुपात टाकल्या. संध्याकाळी मोनिकाच्या मोबाईलवर फुलांचा फोटो दिसला. तिनं तो डीपी काढून टाकला होता.

पुढच्या तीन महिन्यांत दोन स्थळं आली. दोन्ही ठिकाणी भाऊसाहेबानं कोडाचं आधीच सांगून टाकलं. दोन्ही घरं फोटो मागण्यापर्यंतसुद्धा पोचली नाहीत. हर्षलचं लग्न वैशाखात ठरल्याचं कळलं. मोनिकानं नगरला एका मेडिकलमध्ये नोकरी धरली आणि राहायला मैत्रिणीच्या खोलीवर जायचं ठरवलं. कलाबाईनं दळणाला जाणंही सोडून दिलं होतं. शेजारीण डबा नेऊन आणायची.

मोनिका जायच्या आदल्या दिवशी रामहरीनं दुकानातून दोन थर्माकोलची शीटं आणली आणि अंगणात दोन बाजूंना उभी केली. आभाळ जरा ढगाळ होतं, उजेड चौफेर आणि सारखा. कुठंच सावली पडत नव्हती.

"कला, बाहेर ये. मोनिकाला न्यायला एक फोटो काढू. असाच. काई झाकायचं न्हाई."

"आता कशाला?"

"ये ना मम्मी," मोनिका म्हणाली. "मला तुझा एकपण फोटो नाहीये."

ती आली. पदर डोक्यावर न घेता खुर्चीत बसली. मोनिका शेजारी उभी राहिली. रामहरीनं कॅमेऱ्याला डोळा लावला. उघड्या उजेडात बायकोचं तोंड त्यानं इतक्या वर्षांत असं नीट पाहिलंच नव्हतं. पांढऱ्याची कड कुठं संपते आणि सावळा रंग कुठं सुरू होतो, हे त्याला माहीत नव्हतं. गालावर एक बारीक सुरकुती होती, तीही त्याला नवीन होती.

"हिकडं बघ. माझ्याकडं."

तिनं पाहिलं. त्याचं बोट बटणावर जाईपर्यंत तिची मान हलकेच उजवीकडं वळली आणि पांढरा गाल मागं गेला.

"सरळ बघ."

"बघतेय की."

पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी मोनिकानं आईच्या हनुवटीला हात लावून तोंड सरळ केलं. हात काढला आणि मान पुन्हा फिरली. कलाबाईच्या ते लक्षातही येत नव्हतं. मोनिकानं सांगितलं तेव्हा ती ओशाळली.

"मी नीटच बसलेय गं. मानच ऐकंना." मग नवऱ्याला म्हणाली, "सवय झालीय वो. आता कुठं मोडायची?"

"राहू दे पप्पा," मोनिका हळूच म्हणाली.

तरी रामहरी काढत राहिला, ढग दाट होऊन उजेड उतरेपर्यंत. मग कलाबाई उठली. "पोरीच्या सोबत धपाटे द्यायचेत," म्हणाली आणि आत गेली.

सकाळच्या गाडीनं मोनिका नगरला गेली. रामहरीनं दुकान उघडून कार्ड कॉम्प्युटरला लावलं. अकरा फोटो होते. अकराही फोटोंत मोनिका समोर बघत होती आणि कलाबाई कुंपणाच्या बाजूला, जिथं कुणीच नव्हतं. त्यातला एक तरी पाठवा म्हणून मोनिकाचा मेसेज आला होता. त्यानं अकराही पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिले. एवढ्यात पासपोर्ट फोटोसाठी कुणीतरी आलं, तेव्हा तो उठला आणि त्यानं दिवे लावले.