शीतकपाटातील लव्हाळा

यंदा मे महिन्यात चौबे कॉलनीतील आमच्या घरी दुसरे शीतकपाट आले; शीतपेयांच्या दुकानात असते तसे, काचेच्या दाराचे. माझी नात क्षमा इथल्या हिंदी मुलखातच वाढली; ती वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. तिचा विषय आहे उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशातील लव्हाळा. तिच्या विभागातील शीतयंत्र बिघडले, बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन, आणि चाळीस बियांतून रोप उगवले ते एकच. म्हणून ते आमच्या जेवणघरात मुक्कामाला आले.

सोमवारी तिचे मार्गदर्शक नीलकंठ सर घरी येऊन ते जिवंत रोप पाहणार होते. त्यावर तिची पदवी अवलंबून होती.

कपाटातील दिवा आठही प्रहर जळे.

"आजी, वहाँ गर्मी में सूरज डूबताच नाही."

"मग तिथली माणसे सांजवात केव्हा लावतात?"

याचे उत्तर तिच्या प्रबंधात नव्हते.

रोप मात्र शिस्तीचे होते. वीतभर उंची, पाती अरुंद आणि तीन रांगांत उभी. क्षमाने एक दांडा माझ्या चिमटीत दिला. तो गोल नव्हता, चक्क त्रिकोणी होता. त्याच्या मुलखात खाली जमीन बारमाही गोठलेली असते, वर वीतभर चिखल, आणि त्या चिखलात हा उभा राहतो. जुनी वाळलेली पातीसुद्धा टाकून देत नाही, बुडाशी गुंडाळून घेतो, थंडीपासून बचाव म्हणून. मी पस्तीस वर्षे मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. असा विद्यार्थी मी क्वचितच पाहिला.

शुक्रवारी संकष्टी होती. अंगणातील दूर्वा उन्हाने करपल्या होत्या, आणि सदर बाजारातून आलेली जुडी गणपतीला दाखवण्याच्याही लायकीची नव्हती. आमच्या घरचा नियम असा की, जे पहिल्यांदा उगवते ते आधी देवाला. मोगऱ्याचे पहिले फूल मी कुणाला माळू दिलेले नाही. मी स्नान करून काचेचे दार उघडले, कात्री घेतली आणि पाती कापली. मुळापासून उपटली नाहीत, दोन बोटे बूड राखून कापली. मोजली तर बरोबर एकवीस भरली. मला वाटले, देवानेच हिशेब केला.

दुपारी क्षमा घरी आली आणि किंचाळली.

"कमलादीदी! ये किसने काटा? तुमने साफसफाई की क्या?"

कमला आमच्याकडे बारा वर्षे स्वयंपाक करते. तिच्या हातात झारा होता.

"मी काहून कापीन जी? मले काय ते कोथिंबीर वाटली?"

"फिर कौन? घर में और है कौन?"

कमलाने माझ्याकडे पाहिले, आणि लगेच नजर कढईत घातली. तिला सकाळपासून ठाऊक होते. पण माझ्या घरात मी चुकले, असे वाक्य आजवर कुणी उच्चारलेले नव्हते, मीही नाही. क्षमाचा आवाज चढत होता आणि कमलाचे डोळे भरत होते.

"मी कापले," मी म्हणाले. "गणपतीला वाहिले. कमलाला एक शब्द बोलू नकोस. आणि तिची क्षमा माग."

"मी मागू? आजी, आपने मेरा पीएचडी गणपती को चढा दिया!"

"तू तिची माग. तुझी मी मागते."

झारा खाली पडला, तो कमलाने उचलला नाही.

क्षमा रडून झाल्यावर कपाटाशी बसली, माती बोटाने उकरून पाहू लागली, आणि हळूच म्हणाली, "उधर तो इसे हंस चरतात. रेनडियर पण. वाढीचा कोंब खाली असतो, चिखलात. शायद..."

दोन दिवस आम्ही तिघी त्या काचेसमोर आळीपाळीने बसलो. कमला तर पोळ्या लाटता लाटता उठून पाही, आणि लव्हाळ्याला दम देई, "निघ न बे! किती भाव खातं!"

सोमवारी सकाळी एका कापलेल्या बुंध्यातून हिरवे टोक वर आले, तांदळाच्या दाण्याएवढे.

नीलकंठ सर भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "चराईचा प्रयोग योजनेत नव्हता. उंची इतकी नेमकी कोणी राखली?"

क्षमा अडखळली. मी पुढे झाले. "मी."

"फारच उत्तम. हंस साधारण इतकेच ठेवतात. याची स्वतंत्र नोंद व्हायला हवी. आजी, पुढची कापणी आपण आमच्या विभागात येऊन कराल काय? गाडी पाठवतो."

"सर," मी म्हणाले, "रेनडियर बोलावल्यावर जात नाही. त्याच्या कुरणात आपणच यायचे असते. पुढच्या कापणीला अकरा वाजता या, जेवूनच जा."