मोठ्या गाण्याची सुरुवात

खंडेराव सर सकाळपासून दिवाणखान्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. शेवटी वत्सलाबाईंनीच विचारलं, "अहो, येणार तरी कोण आहे?"

"मनोज आणि लखन."

"दोघं? एकाच वेळी? त्यांना ठाऊक आहे?"

"संध्याने वेगवेगळं बोलावलंय."

"म्हणजे फसवून."

"माहितीपट बघायला बोलावलंय. यात फसवणूक कसली?" सर म्हणाले खरे, पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास मनमाडच्या एका रेल्वेतल्या मित्राने त्यांना कॅसेट भरून दिली होती. 'टिन लँटर्न' नावाच्या विलायती रॉक बँडची. ना वेष्टन, ना फोटो. तिच्यात अर्ध्या तासाहून लांब असं एकच गाणं होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर सर ते प्रयोगशाळेत लावायचे. मुलं आधी खिदळली. मग सरांनी त्यांना बाकावर बोटांनी सात मात्रा मोजायला लावल्या, तेव्हा संध्या ओरडली, "सर, हा तर आपला रूपक!" त्या दिवसापासून ती, मनोज आणि लखन ही तिघं त्या 'मोठ्या गाण्या'ची झाली ती झालीच.

कॉलेजात गेल्यावर तिघांनी बँड काढला. लखन गिटारवर, संध्या कीबोर्डवर, मनोज ड्रमवर. स्पर्धेसाठी मोठं गाणं कापून-छाटून बसवायला घेतलं आणि तिथेच ठिणगी पडली. गाण्याचा पहिला अर्धा भाग अगदी हळुवार होता. ड्रम यायचे ते दुसऱ्या अर्ध्यात. मनोज म्हणाला, आधी ड्रमचा भाग घेऊ. लखन म्हणाला, मूळ आहे तसंच वाजवायचं, आपण कोण बदलणारे? शब्दाने शब्द वाढला. ऐन स्पर्धेच्या तोंडावर मनोज उठून दांडियाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला गेला. त्याला आता पाच वर्षं झाली होती. मनोजने सरांच्या घराजवळच, इंदिरानगरात, विजेच्या सामानाचं दुकान टाकलं, लखन विंचूरला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेब बघायला लागला. दोघांपैकी कोणी दुसऱ्याचं नावही काढत नसे. आपण ज्यांना एका बाकावर बसवलं, ती पोरं एकमेकांना टाळतात हे सरांना फार लागायचं.

तेवढ्यात संध्याच्या दिराने परदेशातून त्या बँडवरच्या माहितीपटाची डीव्हीडी आणली, आणि सरांना आशा वाटली.

दोघं आले. एकमेकांना पाहून दारातच थबकले. पण सरांच्या घरातून तोंड फिरवून जाणार कसं? दिवाणाच्या दोन टोकांना बसले. मधे सर.

पडद्यावर चार म्हातारे दिसले.

"हे?" संध्या जवळजवळ किंचाळली. "हे टिन लँटर्न? मला वाटलं होतं, खांद्यापर्यंत केस असतील!"

"असतील की. गळले," मनोज म्हणाला.

लखनला हसू फुटलं. लगेच त्याने खोकल्याचा आव आणला.

थोड्या वेळाने मनोज पुढे झुकला, तसा लखन म्हणाला, "संध्या, त्याला सांग, डोकं जरा बाजूला घे."

"संध्या, त्याला सांग, मला ऐकू येतं."

"मी काय टपाल खात्यात आहे?" संध्या करवादली.

पडद्यावर गायक सांगत होता, की आमचा गिटारवाला आणि ड्रमवाला काही वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, कार्यक्रमालाही दोन वेगळ्या गाड्यांतून यायचे. संध्या पटकन म्हणाली, "बरंय बाई, त्यांच्याकडे गाड्या तरी होत्या!" यावर मात्र कोणी हसलं नाही.

मग मोठ्या गाण्याची गोष्ट निघाली. जुन्या कार्यक्रमाचं चित्रण सुरू झालं. दिवे लागले आणि पहिल्याच क्षणी ड्रम धडाडले.

"थांबा!" सरांनी रिमोट दाबला. मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. सुरुवात ड्रमनेच होत होती. इतकी वर्षं ज्याला ते सुरुवात समजत होते, तो हळुवार भाग शेवटी येत होता.

सर वर्गात बोलावं तसं सावकाश बोलू लागले. "गाणं तबकडीच्या दोन बाजूंवर असणार. आमच्या मनमाडच्या मित्राने दुसरी बाजू आधी भरली. म्हणजे आपण सगळे ते उत्तरार्धापासून ऐकत आलो."

बोलता बोलता आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. लखनची मान खाली गेली होती, कान लाल झाले होते. आता मनोज 'मी सांगत नव्हतो?' एवढं जरी म्हणाला, तरी सगळं कायमचं संपणार होतं.

मनोजने सरांच्या हातातून रिमोट घेतला. तो तुकडा स्वतः मागे नेऊन पाहिला. मग सरांच्या पाठीमागून वाकून म्हणाला, "लखन, हे काही बरोबर वाटत नाही रे."

"काय बरोबर वाटत नाही?"

"ड्रम आधीच येऊन गेले, की पुढचं सगळं मिळमिळीत वाटतं. आपलंच बरं होतं. लोकांना ताटकळत ठेवायचं आणि मग यायचं."

"आत्ता म्हणतोस? तेव्हा माझा जीव खाल्लास!"

"तेव्हा नुसतं बसायचा कंटाळा यायचा मला."

"ते काही नाही. मूळ असं आहे तर असंच. सुरुवात तुझीच!"

"तुझं मूळ गेलं मनमाडला!"

आवाज चढले. दोघंही उभे राहिले. वत्सलाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अहो, भांडतायत की! सोडवा त्यांना."

"थांब गं," सर म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला होता, की वत्सलाबाईंना काही कळेना.

भांडता भांडता लखन मधेच अडखळला. "स्पर्धेच्या दिवशी तुझे ड्रम मांडून ठेवले होते मी. आमचं नाव पुकारेपर्यंत दाराकडे बघत होतो."

"मला कोणी सांगितलं नाही," मनोज म्हणाला.

"तू विचारलंस कुठे?"

सरांच्या ओठांवर पुष्कळ काही आलं होतं. शिकवण्याची सवय जुनी. पण त्यांनी संध्याला खुणेनेच उठवलं आणि तिला घेऊन वत्सलाबाईंच्या मागोमाग आत गेले.

मग दिवाणखान्यातून मनोजचा आवाज आला, "विंचूरची गाडी कितीची आहे तुझी?"

"जाऊ दे ती," लखन म्हणाला.