दोन कॅलेंडरांचा खिळा

मित्रांनो, जगाचा कारभार ज्यांच्या आधाराने चालतो असे आम्ही फार थोडे आहोत. राज्ये येतात, राज्ये जातात, ऋतू बदलतात. पण आज वार कोणता, हे माझ्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. मी एक जुना खिळा आहे. माझ्यावर कॅलेंडर टांगतात.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आम्ही भावंडे फार होतो. दौलतने आम्हाला लालबागच्या एका दुकानातून कागदाच्या पुडीत बांधून काळाचौकीच्या चाळीतल्या आपल्या खोलीत आणले. तो तेव्हा गिरणीत होता आणि लग्न नवे होते. हातोडी नव्हती, म्हणून बायकोच्या, म्हणजे रमाबाईंच्या, वरवंट्याने त्याने मला ठोकले. पहिला घाव अंगठ्यावर बसला, त्यामुळे मी तिरका आहे. स्वभावाने नाही, भिंतीत.

दरवर्षी नवे मराठी कॅलेंडर माझ्या गळ्यात पडे. चतुर्थ्या, एकादश्या, दुधाचे खाडे, सगळे मी पेलले. पाहुणे म्हणत, "कॅलेंडर काय छान आहे!" खिळा छान आहे असे अजून कुणी म्हटलेले नाही. वाट पाहतो आहे.

पुढे त्यांची मुलगी अपेक्षा परळला एका कंपनीत लागली. कंपनी लिख्टेनश्टाईन नावाच्या देशातली. हा देश युरोपात आहे आणि इतका लहान आहे, की गणपतीत लालबागच्या रांगेत तो अख्खा उभा केला तरी मागचे लोक "पुढे सरका" म्हणून ओरडतील. सुट्ट्यांच्या बाबतीत मात्र त्याचे मन मोठे. फक्त त्या त्यांच्या सुट्ट्या. आपली दिवाळी आली की अपेक्षा ऑफिसात, आणि तिकडे कुणा संताचा दिवस आला की ती घरात डोक्याला तेल लावून बसलेली.

कंपनीने आपले कॅलेंडर दिले. त्यावर बर्फाचा डोंगर आणि एक धष्टपुष्ट गाय. दौलतने ते माझ्यावरच, मराठी कॅलेंडरच्या पुढे टांगले. "मुलीची कंपनी आसा. मागे कशाक?"

वर्षभराची रजा जानेवारीतच लिहून द्यायची, असा ऑफिसचा नियम. त्या वर्षी ती रजा मोलाची होती. गावच्या घरचा गणपती भावकीत पाळीपाळीने होतो, आणि बऱ्याच वर्षांनी दौलतची पाळी आली होती. त्याचे गुडघे गेलेले, रमाबाईंना एकटीला पाहुणे झेपणारे नव्हते. अपेक्षा आली नाही तर पाळी धाकट्या भावाला, तात्याला, द्यावी लागणार होती.

"तात्या भावोजी घेतील की आनंदानं," रमाबाई म्हणाल्या.

"तेचाच तर भय आसा," दौलत म्हणाला.

मग त्याने तोंडी हिशेब केला. गणपती दरवर्षी दहाएक दिवस अलीकडे येतात, गेल्या वर्षी ऑगस्ट संपता संपता आले, म्हणजे यंदा पंधरा ऑगस्टच्या आसपास! अपेक्षाने डोंगराचे पान उलटले आणि ती ओरडलीच.

"पप्पा, पंधरा ऑगस्टला त्यांचीपण सुट्टी! नॅशनल डे!"

"त्येंकाय इंग्रजांनी सोडल्यानी?"

सुट्टीला रजा जोडली गेली, मंजूरही झाली. मागचे कॅलेंडर कुणी पाहिले नाही. दोन्ही माझ्या गळ्यात होती, पण मला तोंड नाही. एकदा मी अंग सैल सोडून दोन्ही खाली पाडली. दौलतने मला वरवंट्याने आणखी आत ठोकले.

मे महिन्यात शेजारच्या दीपिकावहिनी मोठी कढई मागायला आल्या. "जावई येतायत ना, अनारसे करायचेत. धोंड्याचा महिना लागतोय."

"कसला महिना?"

"अहो, अधिक महिना नाही का यंदा! सगळे सण महिनाभर पुढे."

मित्रांनो, दर तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. दौलत नेमका तोच विसरला होता. रमाबाईंनी कढई दिली, स्टुलावर चढून गायीसकट डोंगर उचलला. मागच्या मराठी कॅलेंडरची पाने उलटली, तर गणपती सप्टेंबरच्या मधोमध निवांत बसले होते.

"पप्पा, पंधरा ऑगस्टला गावाला जाऊन करायचं काय?"

"भात बघू," दौलत म्हणाला. पण तो जेवला नाही. तात्याला फोन लावायला घेतला आणि तसाच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा घरूनच काम करत होती. माझ्याखालच्या टेबलावर लॅपटॉप, त्यात तिकडचे साहेब, श्टेफान. तिने इंग्रजीत सांगितले, की यंदा आमच्या वर्षात एक महिना वाढला आहे. साहेबांनी विचारले,

"त्याचा पगारही आम्हीच द्यायचा का?"

"नाही सर. फक्त सण पुढे गेलाय."

"हे ठरवतं कोण?"

"चंद्र, सर."

एवढ्यात मागून बनियनमधला दौलत पडद्यात शिरला. "चूक माझी आसा म्हणून सांग त्येंका. पोरीचो काय दोष नाय."

"पप्पा, शर्ट!"

तिने बापाचे म्हणणे इंग्रजीत सांगितले. साहेब हसले. "आमचा ईस्टरही चंद्र बघूनच येतो. माझी आई दरवर्षी चुकते." त्यांनी रजा बदलून दिली, बदल्यात नाताळात, त्यांचा सगळा देश घरी बसलेला असताना, अपेक्षाने ऑफिस सांभाळायचे. साहेबांचे वाक्य संपायच्या आत ती "चालेल" म्हणाली होती.

गणपतीला तिघे गावाला गेले, मी घर राखले. परत आल्यावर कळले, की तात्या आरतीत सगळ्यांत मोठ्याने ओरडला आणि निघताना म्हणाला, "दादा, बरां केलंस." दौलतने एवढे तीन शब्द चाळीत घरोघर जाऊन सांगितले. काही घरी दोनदा.

मित्रांनो, पुढे टांगलेले सुंदर असते. मागचेही अधूनमधून उचलून पाहत जा. आणि ज्यांच्यावर सगळे टांगता त्यांची विचारपूस करा. माझे फार मागणे नाही. गावाहून आल्यापासून दौलतची ओली छत्री माझ्यावर अडकवलेली आहे. तेवढी कुणीतरी काढा.