अंग चोरणं

व्हिन्सेंटने चाप दाबला आणि गोळी सुटलीच नाही. नुसतं 'टक्' झालं. पिस्तुलाची नळी मात्र त्याच क्षणी खाली गेली, कुणी मानेवर हात ठेवून दाबावी तशी.

"देखा, अंकल?" जुलेखा म्हणाली.

पाहिलं सगळ्यांनीच होतं. मागच्या बाकावरच्या विन्स्टनने नेमकी तेव्हाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"इसका स्प्रिंग ढीला है," व्हिन्सेंट म्हणाला. "क्लब की गन है, हर कोई चलाता है।"

"गन एकदम ठीक है। मैंने ही आपके मॅगझिन में एक नकली राउंड डाला था। बीच में कहीं। इसलिए गोली नहीं चली। लेकिन आपका हाथ तो चला!"

जुलेखा शूटिंग क्लबची प्रशिक्षक. मूळची हैदराबादची, वाढलेली शारजात, वयाने व्हिन्सेंटच्या मुलीपेक्षा, टेसापेक्षा, जेमतेम दहा-बारा वर्षांनी मोठी. त्यांचा खेळ एका जागी उभं राहून नेम धरण्याचा नव्हता. प्लायवूडच्या भिंतींआडून पळत जायचं, दिसेल त्या पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर दोन-दोन गोळ्या मारायच्या आणि पुढे सरकायचं. जितके गुण जास्त आणि वेळ कमी, तितका माणूस वर. पळण्यात व्हिन्सेंटला तोड नव्हती. पन्नाशीला टेकलेला असूनही तो पोरांना मागे टाकायचा. त्याच्या गोळ्या तेवढ्या मधोमध लागायच्या सोडून खाली डावीकडे जाऊन बसायच्या.

"आपके बदन को मालूम है कि अब धमाका होगा," जुलेखा म्हणाली. "तो वो पहले ही दब जाता है। गोली बाद में निकलती है, आप पहले डर जाते हो।"

डर! व्हिन्सेंटच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. रुवैसच्या रिफायनरीत, धडधडणाऱ्या कॉम्प्रेसरशेजारी ज्याने उमेदीची वर्षं काढली, त्याला ही कालची पोरगी चारचौघांत घाबरट म्हणते! आणि वर 'अंकल'!

"शनिवार को ट्रायल है," ती शांतपणे म्हणाली. "टीम में एक ही जगह बाकी है। आपकी या विन्स्टन की।"

म्हणजे त्या विन्स्टनची, ज्याला व्हिन्सेंटनेच क्लबात आणलं होतं, पट्ट्याला होल्स्टर कसं अडकवायचं इथपासून शिकवलं होतं. व्हिन्सेंटने पिस्तूल रिकामं करून दाखवलं, परत दिलं आणि कुणाशी एक शब्द न बोलता तो गाडीत जाऊन बसला.

बोलायचं ते सगळं त्याने घरासाठी राखून ठेवलं होतं.

रुवैसमध्ये मशीनच्या वर आवाज चढवल्याशिवाय काही पोचत नसे. तिथली नोकरी सोडून तो सिलिकॉन ओएसिस या आयटी वसाहतीतल्या एका गुळगुळीत ऑफिसात आला, त्यालाही आता काही वर्षं झाली होती. पण त्याचा आवाज काही रुवैसहून निघालाच नव्हता. त्याने दार लोटलं, ते भिंतीवर आपटलं, आणि तिथूनच त्याने सुरुवात केली.

"घाबरतो म्हणे! मी! सगळ्यांच्या समोर म्हणाली, अॅनेट! त्या विन्स्टनसमोर!"

त्याची बायको अॅनेट तव्यावर सुरमईच्या तुकड्या परतत होती. टेसा जेवणाच्या टेबलावर अभ्यास पसरून बसली होती. जुलेखा काय म्हणाली, नकली गोळी कशी घातली, हे सगळं त्याने दोघींना ऐकवलं. बहुधा वरच्या मजल्यावरच्यांनाही.

"म्हणजे तू अंग चोरतोस, असं म्हणते ती," अॅनेट म्हणाली.

"अंग चोरतो?" व्हिन्सेंटने टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास थरथरला. "मी? दुरुस्तीच्या शटडाउनमध्ये चोवीस-चोवीस तास उभा राहिलोय मी! रुवैसला फोन करून कुणालाही विचार, व्हिन्सेंटने कामात कधी अंग चोरलं का!"

"अरे, कामात नाही रे. ते अंग चोरणं वेगळं. आता फटका बसणार म्हणून माणूस आधीच आक्रसून घेतो ना, ते म्हणतेय मी."

"कसला फटका? कोण मारतंय मला फटका?"

अॅनेटने गॅस बारीक केला.

"शनिवारी दाखवतोच तिला. टेसा, तू ये शनिवारी. बघ तुझा बाप घाबरतो का."

"आय'म ओके, डॅड," टेसा वहीतून मान वर न करता म्हणाली. "इट्स टू लाउड."

"अगं, कानाला मफ देतात तिथे! काही ऐकू येत नाही!"

"आय नो," ती म्हणाली. पुस्तकं गोळा करून ती खोलीत गेली आणि दार अगदी अलगद लावून घेतलं.

"इतकी नाजूक कुठून निघाली ही पोर?" व्हिन्सेंटने विचारलं. त्याच्या मते हा प्रश्न देवाला होता, त्यामुळे उत्तराची त्याने वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी जुलेखाने एक व्हिडिओ पाठवला. सरावाच्या वेळी तिने बाजूने काढलेला, वेग अगदी कमी केलेला. तो खोटा पाडण्याच्या तयारीनेच व्हिन्सेंटने ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन उघडला.

पडद्यावर एक टक्कल पडत चाललेला माणूस दोन्ही हातांत पिस्तूल धरून उभा होता. आधी त्याचे डोळे मिटले. मग खांदे वर आले. मग मान खांद्यांत बुडाली. हे सगळं झालं, आणि त्यानंतर कुठे नळीच्या तोंडाशी उजेड दिसला. व्हिन्सेंटने ते परत पाहिलं. परत पाहिलं. दर वेळी डोळे आधी मिटत होते. कालपासून जुलेखाच्या नावाने उकळणारा राग एकाएकी बेवारशी झाला. स्वतःवर ओरडायची सोय नसल्यामुळे तो मुकाट्याने लिफ्टकडे गेला.

संध्याकाळी त्याने तिला फोन केला. ती एकदाही 'मैंने कहा था ना' म्हणाली नाही, याचाही त्याला थोडा रागच आला.

"हाथ की गलती नहीं है, अंकल," ती म्हणाली. "हाथ ने इतने धमाके सुने हैं कि अब वो इंतज़ार ही नहीं करता। आप बस धीरे-धीरे दबाओ। बराबर दबाते जाओ। कब छूटेगी, ये आपको भी पता न चले।"

पिस्तूल घरी आणायची परवानगी नव्हती. तेव्हा व्हिन्सेंटने काच पुसायच्या स्प्रेची बाटली रिकामी केली आणि बैठकीच्या खोलीत भिंतीसमोर उभा राहून तिचाच चाप हळूहळू दाबत राहिला. "उभा आहेसच तर खिडकी पण पुसून घे," अॅनेट म्हणाली. आठवडाभर तो ऑफिस सुटल्यावर रेंजवर जात राहिला. आपली पाळी नसेल तेव्हा बाकावर बसून इतरांचे डोळे पाहू लागला. नोमान नावाचा नवा पोरगा तर आवाजाच्या इतका आधी डोळे मिटायचा की व्हिन्सेंटला आता ते व्हिडिओशिवायही दिसायचं. डोळे, खांदे, मान. एकदा दिसायला लागल्यावर ते न दिसणं शक्यच नव्हतं.

शनिवारी ट्रायलच्या आधी जुलेखाने त्याच्या हातात सरावाचं मॅगझिन ठेवलं. काही गोळ्या सुटल्या आणि मग मध्येच 'टक्' झालं. नळी जागची हलली नाही.

"माशाल्ला, अंकल!"

पुढचं सगळं सोपं गेलं. शिट्टीसारखा टायमर वाजला, तो पळाला, भिंतीआडून वाकला, थांबला, मारलं, पुन्हा पळाला. पुठ्ठ्यांवर भोकं मधोमध, एकमेकांना चिकटून पडली होती. विन्स्टन स्वतः येऊन हात मिळवून गेला. "मानलं यार तुला," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला.

घरी येईपर्यंत व्हिन्सेंटचा ऊर भरून आला होता. पोरीला आधी सांगायचं, मग अॅनेटला, असं त्याने वाटेतच ठरवलं होतं. त्याने लॅच उघडलं आणि दार लोटलं. टेसा समोरच टेबलापाशी, हातावर हनुवटी टेकून वाचत बसली होती. 'टेसा!' म्हणून घर दणाणून सोडणारी हाक मारायला त्याने पोटभर श्वास घेतला.

तिचे डोळे मिटले. खांदे वर आले. मान खांद्यांत बुडाली.

आवाज अजून झालाच नव्हता.

हाक त्याच्या घशातच राहिली. दार मागे भिंतीकडे निघालं होतं, ते त्याने हात लांबवून पकडलं. टेसाने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. येणारं अजून आलं कसं नाही, अशा नजरेने. खांदे तसेच होते. ती वाट पाहत होती.

"काय रे? झालं?" आतून अॅनेटने विचारलं. "घेतलं तुला?"

"घेतलं," तो म्हणाला.

"काय? ऐकू नाही आलं."

या घरात त्याला कुणी असं म्हणाल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने पुन्हा सांगितलं नाही. टेसाकडे पाठ करून त्याने तळहात दारावर टेकवला आणि ते हळूहळू, सारख्या जोराने दाबत नेलं. लॅच नेमकं कधी लागलं, ते त्यालाही कळलं नाही.